चित्राला जीव कोण देतो?

कोणतीही कला नव्या साधनाच्या हाती गेली, की दोन प्रकारची माणसे मोठ्याने बोलू लागतात. एकाला वाटते, कला आता संपली. दुसऱ्याला वाटते, आजवरचा सगळा पोरखेळ होता, खरी कला आजपासून सुरू झाली. सिनेमा बोलू लागला तेव्हा असे झाले, रंगीत झाला तेव्हा झाले, आणि संगणकाने चित्रे हलवायला घेतली तेव्हाही हेच झाले. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. फक्त इतिहास वाचण्याइतका धीर दोघांनाही नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघरची मुले ज्याच्यापुढे मांडी ठोकून बसतात आणि ज्याला आपण वडीलमाणसे सरसकट 'कार्टून' म्हणून मोकळे होतो, त्या ॲनिमेशनच्या कलेविषयी हा लेख आहे. या कलेचा इतिहास सांगताना हल्ली एक जिना डोळ्यांपुढे ठेवतात. खालच्या पायरीवर हाताने काढलेली चित्रे, मधल्या पायऱ्यांवर रंगीत बोलपट, आणि अगदी वर, गच्चीच्या दारात, संगणक. जो वर चढला तो पुढे गेला आणि जो खाली राहिला तो मागासला, असा त्याचा अर्थ. माझा आक्षेप या जिन्याला आहे. आक्षेप नुसता शब्दाचा असता तर दिवाळीच्या फराळात तो कालवण्याचे कारण नव्हते. पण या जिन्यापायी चांगले कारागीर घरी बसले, चांगली चित्रे पडद्यावर येण्यावाचून राहिली, आणि आपल्या मुलांना काय दाखवायचे याचा आपला विवेकही थोडा बिघडला.

प्रारंभापासून पाहू. एमिल रेनो नावाच्या फ्रेंच माणसाने १८७७ साली आरशांचे एक फिरते खेळणे केले. त्यात डोकावले की कागदाच्या पट्टीवरची चित्रे हलताना दिसत. पुढे त्याने तीच युक्ती मोठी केली आणि २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या ग्रेव्हँ संग्रहालयात लोकांना बसवून हलती चित्रे पडद्यावर दाखवली. लांबच लांब पट्टीवरचे एकेक चित्र त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेले होते. 'पोव्हर पिएरो' या खेळासाठी अशी सुमारे ५०० चित्रे लागली. म्हणजे ल्युमिएर बंधूंचा सिनेमा यायला अजून तीन वर्षे होती आणि रेनोची चित्रे पडद्यावर हसत-रडत होती. पण १८९५ साली ल्युमिएरांचे यंत्र आले. जे चित्र रंगवायला रेनोला महिनोन्महिने लागत, ते कॅमेरा मिनिटभरात टिपू लागला. १९०० साली रेनोचा खेळ बंद पडला. शेवटी निराश होऊन त्याने आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. त्यांतल्या दोनच आज उरल्या आहेत.

यंत्राने हाताच्या चित्रांना दिलेला हा पहिला तडाखा. तो संगणकाने दिलेला नव्हता, साध्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्याने दिलेला होता. आणि नवल असे, की त्याच कॅमेऱ्याने ती कला पुन्हा उभी केली. १९०८ साली एमिल कोल याने सुमारे ७०० चित्रे काढून कॅमेऱ्याने एकेक टिपली आणि 'फँटासमागोरी' हा मिनिटा-दीड मिनिटाचा चित्रपट केला. ज्याने रेनोला बुडवले तेच कोलच्या हाती होडी झाले. तेव्हा 'यंत्र विरुद्ध हात' हे भांडण या कलेला जन्मापासूनच लागू पडत नाही. ही कला यंत्राच्याच मांडीवर वाढलेली आहे.

आपल्याकडचा दाखला तर अधिकच बोलका आहे. दादासाहेब फाळक्यांचे नाव आपण 'राजा हरिश्चंद्रा'मुळे घेतो. पण १९१३ च्या त्या चित्रपटाआधी त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला होता. त्याचा अंकुर रोज थोडाथोडा वाढे आणि दादासाहेब रोज त्याचे थोडेथोडे चित्र घेत. महिन्याहून अधिक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली, आणि ती पाहून चित्रपटासाठी भांडवल देणारा माणूस राजी झाला. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्यापेटीतल्या काड्या कोणी हात न लावता हलत होत्या. नट नाही, राजवाडा नाही, नुसत्या काड्या. आपल्या चित्रपटसृष्टीचे भांडवल एका वाटाण्याच्या वेलाने उभे केले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगितली की ती खुदकन हसतात. मग थोड्या वेळाने गप्प होतात. त्या गप्प होण्यातच या कलेचे मर्म आहे. काडी हलत नसते. दोन चित्रांच्या मधल्या वेळात कोणीतरी ती हलवलेली असते. ॲनिमेशनची कला चित्रात असते त्याहून अधिक या न दिसणाऱ्या मधल्या वेळात असते. कॅनडाचा थोर चित्रकार नॉर्मन मॅक्लारेन हेच सांगत असे.

हे मर्म पोरांना शिकवावे लागत नाही. वर्गात मागच्या बाकावरच्या कुठल्याही मुलाची वही उचला. पानांच्या कोपऱ्यांत उडी मारणारा माणूस काढलेला सापडेल. पाने भराभर सोडली की तो उडी मारतो. एखाद्याचा माणूस नुसता वरखाली होतो, तर एखाद्याचा उडीआधी गुडघे वाकवतो, पाठ वाकवतो, क्षणभर थांबतो आणि मग उसळतो. पहिल्याचा माणूस हलतो, दुसऱ्याचा माणूस उडी मारतो. हा फरक पेन्सिलीच्या किमतीने पडत नाही. उडी मारण्याआधी माणूस मनाशी काहीतरी ठरवतो, हे दुसऱ्या मुलाने पाहिलेले असते.

आता संगणक या घरात कसा आला ते पाहू. तो चित्रकाराचा नोकर म्हणून आला नाही, युद्धातून आला. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफांचा नेम धरण्यासाठी गणित करणारी यंत्रे होती. युद्ध संपल्यावर ती भंगारात निघाली. अमेरिकेतल्या जॉन व्हिटनी याने त्यातले यंत्र घेऊन त्यावर चित्रे फिरवायला सुरुवात केली. हिचकॉकच्या १९५८ च्या 'व्हर्टिगो'च्या नामावलीत जी चक्राकार वलये गरगरतात, ती या खटाटोपातली. दहा वर्षांनी, १९६८ साली, सोव्हिएत रशियात गणिती निकोलाय कोन्स्तान्तिनोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांजरीची चाल समीकरणांत बसवली. यंत्राने ती चित्रे कागदावर अक्षरचिन्हे छापून काढली आणि मग ती एकेक टिपली. ठिपक्याठिपक्यांची ती मांजर चार पावले चालते, वळते आणि बघते. आजच्या मुलाला तिचे हसू येईल. पण तिच्या चालण्यात मांजरपण आहे, कारण समीकरण मांडणाऱ्याने आधी मांजर पाहिली होती.

१९७४ साली कॅनडात पीटर फोल्डेसचा 'हंगर' आला आणि तेथे संगणकाला त्याचे खरे पहिले काम मिळाले. हाताच्या ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रकार हालचालीचे पहिले आणि शेवटचे चित्र काढतो. मधली चित्रे मदतनीस भरतात. हे मधले काम फार कष्टाचे आणि कंटाळ्याचे. फोल्डेसने दोन टोकांची चित्रे काढली आणि मधली चित्रे यंत्राकडून करून घेतली. त्याच्या चित्रपटातला माणूस खातो, फुगतो, खातच राहतो, आणि शेवटी भुकेल्यांच्या हाती सापडतो. एक आकार दुसऱ्यात वितळत जातो तेव्हा अंगावर शहारा येतो. यंत्राची ती गुळगुळीत, निर्विकार वितळण येथे विषयाला शोभते, कारण हाव तशीच निर्विकार असते. पण हीच चाल एखाद्या आईच्या किंवा प्रियकराच्या अंगी लावली असती तर? मधली चित्रे यंत्र समसमान वाटून टाकते. माणूस मात्र समसमान हलत नाही. तो अडखळतो, थबकतो, मागे वळून बघतो. ज्याला आपण 'जीव' म्हणतो तो या असमानतेत असतो. कुठे थबकायचे हे सांगणारा कोणीतरी लागतोच.

तो सांगणारा १९८६ साली भेटला. जॉन लॅसेटर हा डिस्नेच्या पठडीत हाताने चित्रे काढायला शिकलेला तरुण. पिक्सार या तेव्हा अगदी नव्या कंपनीत त्याने 'लुक्सो ज्युनिअर' नावाचा दोन मिनिटांचा चित्रपट केला. त्यात दोन टेबलदिवे आहेत, एक मोठा आणि एक छोटा. छोटा दिवा चेंडूशी खेळतो, त्यावर बसतो, चेंडू फुटतो, तो खट्टू होतो, आणि लगेच त्याहून मोठा चेंडू घेऊन येतो. बस, एवढेच. दिव्याला डोळे नाहीत, तोंड नाही, शब्द नाही. छोटा दिवा म्हणजे मोठ्याची लहान नक्कल करून भागणार नाही, हे लॅसेटरने ओळखले. मूल म्हणजे आखूड केलेला बाप नव्हे. म्हणून दिव्याचा दांडा आखूड झाला. पण आतला बल्ब तेवढाच राहिला, कारण बल्ब दुकानातून आणतात, तो वाढत नाही. या एका हिशोबाने त्या पत्र्याच्या वस्तूला बाळसे आले.

डॅलस येथे संगणक-चित्रांच्या जाणकारांच्या मेळाव्यात तो दाखवला गेला. खेळ संपल्यावर जिम ब्लिन हा या शास्त्रातला मोठा पंडित लॅसेटरकडे आला. तो आता सावल्यांच्या गणिताविषयी विचारणार, असे लॅसेटरला वाटले. ब्लिनने विचारले ते असे, की मोठा दिवा आई आहे की बाप? माझ्या मते संगणकाचे ॲनिमेशन या कलेच्या घरात खऱ्या अर्थाने त्या दिवशी नांदायला आले. पंडित गणित विसरला आणि नातेसंबंध विचारू लागला. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला याहून मोठी पावती ठाऊक नाही. वाचक भाषेची तारीफ करतो तेव्हा लेखकाला बरे वाटते. पण 'पुढे तिचे काय झाले हो?' असे विचारतो तेव्हा लेखक धन्य होतो.

पुढचा इतिहास घरातल्या पोरांनाही तोंडपाठ आहे. १९९५ च्या नोव्हेंबरात 'टॉय स्टोरी' आला, सबंध संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याची १,१४,००० हून अधिक चित्रे तयार करायला यंत्रांना मिळून सुमारे ८ लाख तास लागले. आकडे ऐकून डोळे विस्फारतात, पण टीकाकाराने वेगळ्या गोष्टीकडे पाहावे. त्या काळच्या यंत्राला कातडी, केस, ओले डोळे जमत नव्हते. सगळे काही प्लास्टिकसारखे दिसे. मग करणाऱ्यांनी नायकच प्लास्टिकचे घेतले! साधनाची मर्यादा त्यांनी विषयात मुरवली. आणि विषय तरी केवढा मोठा निवडला: आपल्याला टाकून देऊन मालक नव्याला जवळ करील का, ही भीती. वुडी हे दोरी ओढली की बोलणारे जुने खेळणे आणि बझ हे बटणे-दिव्यांचे नवे खेळणे. त्यांचे भांडण आणि मग मैत्री पाहताना मला नेहमी वाटते, की हाताचे ॲनिमेशन आणि संगणकाचे ॲनिमेशन यांचीच ही गोष्ट आहे. चित्रपटाने दोघांना एकाच खोलीत ठेवले. व्यवहाराने मात्र तसे केले नाही.

मर्यादेचा हा विनय ज्यांनी सोडला ते फसले. २००१ साली 'फायनल फँटसी' या चित्रपटात हुबेहूब माणसे करण्याचा प्रचंड खर्चाचा प्रयत्न झाला. केस न् केस हलला, पण चेहरे मेणाचे राहिले. जपानी यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी याने १९७० सालीच बजावले होते, की कृत्रिम वस्तू माणसासारखी दिसू लागली की आधी आवडते, आणि फार जवळ आली पण पुरती पोचली नाही की तिची शिसारी येते. आपल्याकडे ही गोष्ट भातुकलीत कळते. चिंधीची बाहुली पोटाशी घेऊन झोपता येते. डोळे मिटणाऱ्या मोठ्या बाहुलीची रात्री भीती वाटते.

याहून शिकवणारे उदाहरण 'लायन किंग'चे आहे. घरात दोन्ही पाहिले असतील तर पुन्हा शेजारीशेजारी पाहावेत. १९९४ चा चित्रपट हाताने काढलेला. पण दरीत उधळलेल्या रानगव्यांसारख्या त्या प्राण्यांच्या लोंढ्यासाठी त्यात संगणक वापरला होता. जेथे हजारो जनावरे एकदम धावायची तेथे यंत्र, आणि जेथे पोरका छावा बापाच्या पंजाखाली शिरायचा तेथे हात. कामाची किती सुरेख वाटणी! २०१९ च्या चित्रपटात जवळजवळ सगळे संगणकाचे आहे. आयाळ खरी, धूळ खरी, ऊन खरे. पण खऱ्या सिंहाच्या तोंडावर दुःख दिसत नाही, म्हणून येथल्या सिंहाच्याही तोंडावर दिसत नाही. बाप मरतो आणि छाव्याचा चेहरा एखाद्या माहितीपटातल्यासारखा कोरा राहतो. तंत्र पंचवीस वर्षे पुढे गेले आणि रडू मागे राहिले. जिन्याचा सिद्धांत खरा असता तर असे कसे झाले असते?

या जिन्यापायी माणसांचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'साठी फिल टिपेट हा बाहुल्या कणाकणाने हलवणारा कसबी कारागीर नेमला होता. संगणकावर पळणारा डायनोसॉर पाहिल्यावर तो हबकला आणि आता आपली जातच नामशेष झाली, अशा अर्थाचे काही बोलून गेला. दिग्दर्शक स्पीलबर्गने त्याचे ते बोलणे चित्रपटातच घातले. पण टिपेटला घरी पाठवले नाही. जनावर कसे चालते, भार कुठल्या पायावर देते, हे त्याला ठाऊक होते; ते यंत्रवाल्यांना सांगण्यासाठी त्याला ठेवून घेतले. त्या डायनोसॉरांत जो दरारा आहे त्यात त्याच्या बोटांचे जन्मभराचे ज्ञान आहे.

सगळ्यांचे नशीब असे नव्हते. १९९० नंतर डिस्नेच्या कारखान्यात शाई आणि रंग भरण्याचे काम यंत्राकडे गेले. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'मध्ये हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले होते आणि त्यांची नावे पडद्यावरही आली नव्हती. त्यांच्या परंपरेतल्या हातांना आता कामही उरले नाही. मग यंत्रावर बसणारे तरी सुखी झाले असतील? २०१२ च्या 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आठवा. होडीत त्या मुलाबरोबर उपाशी, ओला, संतापलेला जो वाघ दिसतो तो बहुतांशी संगणकावर घडवलेला आहे. 'रिदम अँड ह्यूज' या कंपनीने तो केला. तिच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या वाघासाठी ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात, बक्षीस मिळण्याच्या काही दिवस आधी, कंपनीचे दिवाळे निघाले होते. समारंभाच्या सभागृहाबाहेर शेकडो कारागीर निषेध करीत उभे होते. वाघ जिवंत झाला आणि जीव ओतणारे रस्त्यावर आले. चित्रपट संपल्यावर धावत्या नामावलीत शेकडो नावे जातात. त्यांत आपल्या गावची, आपल्या आडनावांची पोरेही अलीकडे दिसतात. तेवढा वेळ दिवा लावायची घाई करू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

मग हाताची रेघ खरोखर संपली का? आपल्या देशातली साक्ष काढू. 'एक अनेक और एकता' हा विजया मुळे यांचा १९७४ चा लघुपट दूरदर्शनवर पाहून एक पिढी मोठी झाली. भीमसेन यांनी केलेले त्यातले ॲनिमेशन अगदी साधे. साधन तुटपुंजे, हालचाल मोजकी. तरी जाळ्यासकट उडालेली पाखरे अजून कोणी विसरलेले नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी २०१९ साली 'बॉम्बे रोझ' केला. तो संगणकावरच केलेला आहे, पण चौकट अन् चौकट हाताने रंगवून. म्हातारी शर्ली रस्त्याने चालू लागते तशी आजची मुंबई मागे सरते आणि जुनी, काळी-पांढरी मुंबई वर येते. यंत्र असे वापरले की ते कुंचल्याइतके आज्ञाधारक होते. जपानच्या मियाझाकींचा हाताने काढलेला चित्रपट २०२४ साली ऑस्कर घेऊन गेला. त्याच्या पुढच्याच वर्षी ते लॅटव्हिया या छोट्या देशातल्या 'फ्लो'ला मिळाले. तो गिंट्स झिलबालोदिस या तरुणाने कोणालाही फुकट मिळणाऱ्या संगणक-साधनावर केला. त्यात संवाद एकही नाही. मांजराचा केस न् केस मोजून दाखवण्याचा अट्टाहासही नाही. पण पुराच्या पाण्यात ते मांजर बिचकते तेव्हा आपले पाय आपण नकळत वर घेतो.

एका वर्षी हाताची रेघ, दुसऱ्या वर्षी यंत्राची आकृती. म्हणून जिन्याऐवजी मी वडाचे झाड सुचवतो. रेनोच्या पट्ट्या, फाळक्यांच्या काड्या, डिस्नेची रेघ, टिपेटच्या बाहुल्या या त्याच्या फांद्या, आणि संगणक ही त्याला फुटलेली फार मोठी पारंबी. पारंबी जमिनीला टेकली की खोडासारखी दिसते, झाडाचा भारही उचलते; पण ती त्याच झाडाची असते. तिला जागा करण्यासाठी कोणी जुन्या फांद्या तोडू लागला तर त्याला झाड कळले नाही असे म्हणावे.

आता यंत्र नुसती मधली चित्रे भरून थांबत नाही. शब्दांत सांगितले की सबंध चित्र काढून देते. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही आणि हुरळून जाण्याचेही नाही. वर्गातल्या त्या दोन वह्या आठवाव्यात. उडीआधी गुडघे कोणी वाकवले, ते का वाकवले, हा प्रश्न त्या चित्रालाही विचारावा. या सुट्टीत मुलांबरोबर एखादा असा चित्रपट पाहाल तेव्हा 'किती खरे दिसते ना!' असे म्हणण्याआधी त्यांना विचारा, की तो आत्ता का थांबला? तो कोणाला घाबरला? मूल उत्तर देऊ लागले तर चित्रपट चांगला आहे. आणि ते उत्तर देता देता उठून वहीच्या कोपऱ्यात काही काढू लागले, तर त्या दिवशी त्याला अभ्यासावरून रागवू नका.